सात ते आठ वीज बंद

"नऊ नंबरच्या विषयाला हात वर करायचा नाही. एवढंच लक्षात ठेव," हे म्हणाले आणि नगरपालिकेतून आलेला सभेचा कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. "बाकीच्या विषयांना खुशाल कर."

माझे हात पिठात होते. "काय आहे नवाला?"

"पाण्याचे नवे नियम. त्या नव्या सीओचं डोकं. पेठेत पाणी सुटतं तेव्हा सात ते आठ वीजच बंद ठेवायची म्हणे. म्हणजे कुणाला नळाला मोटार लावता येणार नाही. त्यातूनही सापडली तर जप्त. आता तूच सांग, कासारवेढ्यात मोटारी विकतं कोण?"

सांगायची गरजच नव्हती. 'हिंगमिरे मशिनरी'ची पाटी आमच्या घराखालीच होती आणि पेठेत नळाचं पाणी ओढणारी जवळजवळ प्रत्येक मोटार आमच्याच दुकानातून गेलेली होती.

"आनि माझी मालिका?" आतल्या खोलीतून आत्याबाईंचा आवाज आला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. टीव्ही कितीही मोठ्याने चालू असला तरी घरात कुठे काय बोललं जातंय ते त्यांना बरोबर ऐकू यायचं. "सातला मालिका लागती माझी. वीज बंद म्हंजे काय? त्या सीओला म्हणावं, तुझ्या आईला इचारून ये आधी."

"बघ," हे म्हणाले. "घरातूनच विरोध."

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी कासारवेढ्याच्या नगरपालिकेत नगरसेविका होते. खरं तर व्हायचं होतं यांना. दोन वर्षं तयारी चालली होती, कडक इस्त्रीचे दोन पांढरे झब्बेही शिवून झाले होते. पण ऐनवेळी वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. झब्बे कपाटात राहिले आणि मी निवडून आले. वॉर्ड आमचा मोठा चमत्कारिक. अर्धा पेठेत, सपाटीवर. अर्धा वर माळगल्लीत, टेकाडावर. टाकीतून निघालेली पाण्याची लाईन आधी पेठेतून फिरायची आणि उरलं तर माळगल्ली चढायची. आम्हाला एक दिवसाआड पाणी यायचं. माळगल्लीतल्या बायका मधून मधून नगरपालिकेत येऊन 'पाणी नाही, पाणी नाही' असं ओरडून जायच्या, आणि दर वेळी त्यांना पाईप लहान आहे, नवी योजना येतेय, असं काहीतरी सांगितलं जायचं. मीही ते ऐकून मान डोलवायचे. निवडून येऊन दीड वर्ष झालं होतं आणि सभागृहात मी चहा घेण्यापुरतंच तोंड उघडलं होतं.

या वेळी मात्र माझी किंमत अचानक वाढली. नव्या नियमाच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे नगरसेवक अगदी तोडीस तोड होते. मी कुठे बसेन तिकडे पारडं झुकणार होतं. त्यामुळे गेल्या दीड वर्षात ज्यांनी माझ्याकडे बघितलंही नव्हतं, ते माणिक दोडमिसे दोनदा घरी येऊन चहा पिऊन गेले. दोडमिसे म्हणजे पेठेचे पुढारी आणि विरोधाचे म्होरके. "वहिनी, तुम्ही आपल्याच," असं ते माझ्याकडे बघून म्हणायचे, पण उत्तरासाठी यांच्या तोंडाकडे बघायचे.

त्याच आठवड्यात पेठेतला विजेचा डीपी जळाला.

चैत्राचा उकाडा, संध्याकाळची वेळ. नळाला पाणी सुटलं तशा घरोघरच्या मोटारी सुरू झाल्या होत्या, त्यात कूलर, पंखे, टीव्ही. आत्याबाईंच्या मालिकेतल्या सुनेनं रडायला सुरुवात केली आणि कोपऱ्यावरून फटाक्यांची माळ लागावी तसा आवाज आला. सगळी पेठ काळी ठिक्कर. मोटारींची घूंघूं एरवी इतकी कानात बसलेली असायची की ती थांबल्यावर दडे बसल्यासारखं वाटलं. मी चाचपडत मोरीत गेले. आमचा नळ मोटारीशिवायही चालू होता. धार बारीक होती, पण सलग. बादली लावून मी बाहेर ओट्यावर आले, तर आत्याबाई पदरानं वारा घेत साऱ्या जगाचा उद्धार करत बसल्या होत्या.

थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाकडून चपलांचा आवाज आला आणि अंधारातच कुणीतरी म्हणालं, "गौरे, काळोखात काय करतीस?"

आत्याबाईंना 'गौरे' म्हणणारं माणूस गावात एकच होतं. मैनाबाई क्षीरसागर.

मैनाबाई माळगल्लीतल्या. घरी हातमाग, पुढे पॉवरलूम. त्यांची आणि आत्याबाईंची मैत्री मी या घरात यायच्या कितीतरी आधीची. मेंढीकोटात दोघी जोडीदार. रोज दिवेलागण झाली की आमच्या ओट्यावर डाव पडायचा आणि समोर कुणीही दोघी बसल्या तरी हरून उठायच्या, कारण या दोघींच्या खुणा ठरलेल्या होत्या. नाक खाजवलं की इस्पिक, कानातली कुडी चाचपली की बदाम. पेठेतल्या सगळ्या बायकांना त्या ठाऊक होत्या, पण रंगेहाथ पकडणं कुणाला जमलं नाही. मग पाचएक वर्षांपूर्वी मैनाबाई यायच्या कमी झाल्या. आधी एक दिवसाआड येऊ लागल्या, मग येईनाशाच झाल्या. आत्याबाईंनी दोनदा निरोप पाठवला. दोन्ही वेळा 'आज जमायचं न्हाई' एवढंच उत्तर आलं. तिसऱ्यांदा निरोप पाठवण्यातल्या आत्याबाई नव्हत्या. "पोराचं लूम चालाय लागलं, शिष्ट झाली आता," असं म्हणून त्यांनी पत्ते फडताळात टाकले आणि यांच्यामागे लागून टीव्ही घेतला.

"वाट चुकलीस का काय?" आत्याबाई आता म्हणाल्या. आवाज असा की उभी झाडं वाळली असती.

"चुकले तर चुकले," मैनाबाई ओट्यावर बसत म्हणाल्या. "पत्ते हायत का इकले मोडीत?"

आत्याबाई उठल्या, अंधारात ठेचकाळत आत गेल्या आणि फडताळातून पत्ते घेऊन आल्या. मी कंदील लावला. शेजारच्या नसीमभाभींना हाक मारली. आम्ही दोघी समोर बसलो. पहिले दोन डाव आत्याबाई तोंड वाकडं करून खेळल्या. तिसऱ्या डावाला मैनाबाईंनी नाक खाजवलं. कंदिलाच्या उजेडात आत्याबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. त्यानंतर त्या दोघींनी आम्हाला असा कोट चढवला की नसीमभाभी "तोबा, तोबा" म्हणत पत्ते टाकून उठल्या.

निघताना मैनाबाई म्हणाल्या, "आज पानी चांगलं आलं. घटकाभरात भरून झालं समदं. म्हटलं, गौरीकडं जाऊन यावं."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

डीपी बदलून यायला काही दिवस लागले. मधे आणखी एक पाण्याचा दिवस येऊन गेला आणि त्याही दिवशी मैनाबाई आल्या. येताना त्यांनी शेंगादाण्याची चटणी आणली होती. त्या रात्री आत्याबाई जेवायला बसल्या त्या गाणं गुणगुणत. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

मग वीज आली. पेठेत लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोटारी परत घूंघूं करायला लागल्या आणि पाण्याच्या दिवशी आत्याबाईंनी दुपारीच ओटा धुऊन घेतला. सतरंजी घातली. पत्ते मधोमध ठेवले. सात वाजले, शेजारच्या घरातून मालिकेचं संगीत ऐकू आलं, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. मी दोनदा टीव्ही लावू का म्हणून विचारलं.

"नगं. मैना यील."

मैना आली नाही. पुढच्या पाण्याच्या दिवशीही आली नाही. आत्याबाईंनी अर्धा तास वाट पाहिली, मग पत्ते गोळा करून कनवटीला लावले आणि पायांत चपला घातल्या.

"चल गं माझ्यासंगट. आज तिला तोंडावर इचारते. आमी काय तिच्यासाठी लाईट जायची वाट बघत बसायचं का?"

टेकाड चढायला त्यांना वेळ लागला. वर पोचलो तर लूमचा खडखडाट चालू होता आणि घरांपुढे जागोजाग जमीन खणलेली दिसत होती. मला वाटलं, टेलिफोनच्या लाईनचं काम निघालंय. मैनाबाईंच्या दारात उभं राहून आत्याबाईंनी दोन हाका मारल्या. घरात कुणी नव्हतं; पोरगा आणि सून मागच्या शेडमध्ये लूमवर होती. तिसरी हाक मारली तर पायांपाशी आवाज आला.

"कोण, गौरी? अगं बाई, पडशील, मागं सर."

अंगणात खड्डा होता, मांडीपेक्षा खोल. त्यात पाट टाकून मैनाबाई बसल्या होत्या. समोर नळाची तोटी. तोटीखाली वाटी. नळातून थेंब, थेंब, मग बोटभर धार, मग फुस्स करून हवा. वाटी भरली की त्या ती घागरीत ओतायच्या आणि परत तोटीखाली धरायच्या.

"तू हितं काय करतीस?" आत्याबाईंनी विचारलं.

"पानी भरतीय की."

"खड्ड्यात बसून?"

"ते वर चढत न्हाई. मग आपणच खाली आलो." मैनाबाई हसल्या. "आधी वर हुता नळ. मग गुडघ्याएवढं खणलं, मग एवढं. आणिक खणलं तर तुज्या पेठेतच निघंल बघ."

"मोटार का लावत न्हाईस मग?"

"शेजारणीनं लावली हुती. नुसती हवा आली. वढायला आधी पायपात असाय पायजे न्हवं काही."

"रोज बसतीस?"

"पान्याच्या दिवशी हितं. नसतं त्या दिवशी खालच्या हिरीवर. पोरगा-सून लूम सोडून येऊ शकत न्हाईत. मी मोकळी, म्हणून मी बसते."

"मग त्या दिवशी कसं आलं गं? माझ्याकडं आलीस त्या दिवशी?"

"कुनाला ठावं," वाटीवरची नजर न काढता मैनाबाई म्हणाल्या. "तुमच्याकडं लाईट गेली हुती बघ तवा. तुमच्याकडं लाईट जाती तवा आमच्याकडं पानी येतं. देवाची करणी."

मैनाबाईंना सगळं कळत होतं की नाही, हे मला अजूनही सांगता येत नाही. बोलण्यात टोमणा नव्हता. आत्याबाई मात्र खड्ड्याच्या काठावर बसल्या. मग त्यांनी हात पुढे केला. मैनाबाई वाटी वर द्यायच्या, आत्याबाई ती घागरीत ओतायच्या. पेठेच्या बाजूनं मान डोलवणारी नगरसेविका दोन म्हाताऱ्यांच्या मधे, हातात काही काम नसलेली, नुसती उभी होती.

खाली आलो तर प्रत्येक घरातून घूंघूं ऐकू येत होती. एरवी ती मला ऐकूही आली नसती. आमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती आणि पन्हाळीतून पाणी धो धो गटारात पडत होतं. आत्याबाई तिथे उभ्या राहिल्या. गटाराकडे बघत राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी मोटारीची पिन उपटली आणि जाऊन पडल्या.

सभेच्या आदल्या दिवशी यांनी पुन्हा आठवण करून दिली. "पेठेतल्या बायका सभेला येणार आहेत उद्या. आई पुढे आहे. दोडमिशांनी सगळं जमवलंय. तू फक्त गप्प बस."

मी आत्याबाईंकडे गेले. त्या शेंगा फोडत होत्या. "आत्याबाई, उद्या मी काय करू?"

"मला काय इचारतीस?" त्या शेंगेकडे बघतच म्हणाल्या. "मतं तुला पडल्यात, मला न्हाई."

मला काही कळेना. खड्ड्यापाशी बसलेल्या आत्याबाई खऱ्या, की पेठेच्या बायकांच्या पुढे चालणाऱ्या? विचारायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. मागच्या बाकांवर पेठेच्या बायका, पहिल्या बाकावर मधोमध आत्याबाई, काठाची साडी नेसून. दारात हे उभे. नगराध्यक्ष कडेकरअण्णा खुर्चीवर घाम पुसत बसले होते. कुणालाच दुखवायचं नाही, या एका धोरणावर ते तीनदा निवडून आले होते. नववा विषय आला. सीओसाहेबांनी, म्हणजे मुख्याधिकारी म्हात्र्यांनी, नियम वाचून दाखवले. तरुण माणूस, कोकणातला, वाचताना कान लाल झालेले. मग दोडमिसे उठले.

"अंधारात चोऱ्या होतील! पोरांचा अभ्यास बुडेल! म्हातारी माणसं धडपडतील! आणि आमच्या आयाबहिणी दिवसभर राबून एक तास टीव्हीपुढे बसतात, तोही काढून घ्यायचा? वर पाणी जात नाही ते पाईप लहान आहे म्हणून. मोटारीचा काय संबंध?"

टाळ्या पडल्या. "दोन्ही बाजूंचं म्हणणं बरोबर आहे," कडेकरअण्णा म्हणाले. "तरी आता मत घेऊन टाकू."

मी उभी राहिले. का उभी राहिले, कधी उभी राहिले, आठवत नाही. माझ्यापुढचा माइक बंद होता. तो कधी लागलाच नव्हता, त्यामुळे कुणाला ठाऊक नव्हतं. शिपाई धावत आला, त्यानं तारा हलवल्या, माइक किंचाळला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मला मत देण्याआधी एक विचारायचंय," मी म्हणाले. आवाज माझा मलाच परका वाटला. "ज्यांच्या घरी नळाला मोटार नाही, त्यांनी हात वर करा."

कुणीच हलेना. सीओसाहेबांनी हात अर्धा वर केला, मग आपल्या सरकारी क्वार्टरमध्ये काय आहे ते त्यांना आठवलं असावं. त्यांनी तो हात डोक्यावरून फिरवून खाली घेतला. मागे बायकांत खसखस पिकली.

"माझाही हात वर नाही. आमचं तर दुकानच आहे. म्हणजे इथं बसलेले सगळे पाणी ओढणारे. दोडमिसेसाहेब, पाईप लहान असेल. पण पेठेचा डीपी जळाला होता तेव्हा त्याच पाईपनं माळगल्लीत पाणी चढलं. आणि आमच्या नळालाही आलंच होतं की, मोटारीशिवाय. वर लोकांनी अंगणात खड्डे खणलेत. त्यात बसून वाटीनं घागर भरतात. मी बघून आलेय. आज पाण्याचा दिवस आहे, सभा संपली की सगळ्यांनी चला माझ्याबरोबर." मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण तेवढ्यावरच थांबले. मी हात वर केला. "माझं मत नियमाच्या बाजूनं."

दारातल्या यांच्याकडे मी बघितलं नाही.

"वहिनी," दोडमिसे हसत म्हणाले, "घरी विचारून आलात ना? नाही, तुमच्या सासूबाई तिथं विरोध करायला बसल्यात, आणि तुम्ही इथं हात वर करताय. जरा मागं वळून बघा!"

मी वळून बघितलं. आत्याबाई उभ्या राहिल्या होत्या.

"अण्णा, मी बोलू का?" त्यांनी कडेकरांना विचारलं, आणि परवानगी मिळायच्या आत बोलायला लागल्या. "माणक्या, आमी इरोध कराय आलोय असं कुनी सांगितलं तुला? आमी बघाय आलोय. कोण हात वर करतंय आन् कोण न्हाई, ते."

दोडमिशांचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला.

"आयाबहिनींची लई काळजी हाय तुला. त्या मालिकंतली सून पाच वर्सं झाली रोज रडतीय. एक तास न्हाई रडली तर तिलाबी बरं वाटंल." आता अख्खं सभागृह हसलं, अगदी म्हात्रेसाहेबसुद्धा. "आन् अंधाराचं म्हनशील, तर वट्यावर बसावं. वारं असतं. मानसं भेटतात. लाईट न्हवती तवा तुजी आई आन् मी वट्यावरच बसत हुतो, तू मदी रांगायचास. कुटं पडलास? पाच वर्सं माजी जोडीदारीन खड्ड्यात बसून हाय, आन् मी टीव्हीफुडं बसून तिला शिव्या देत हुते. आता मला ह्या बायकांनी इचारलं, गौराबाई, काय करायचं. मी म्हटलं, चला, बघून येऊ. मतं आमीच देतो न्हवं फुडच्या येळला."

त्या बसल्या. मागच्या बाकांवरच्या बायका हसत नव्हत्या आता. त्या नगरसेवकांकडे एकेक करून बघत होत्या.

आधी माझ्या शेजारचा हात वर गेला. मग पलीकडचा. मग पेठेतले दोघं, एकमेकांकडे बघत बघत. सगळ्यात शेवटी माणिक दोडमिशांनी कोपरापासून हात उचलला, घाम पुसल्यासारखा, आणि कडेकरअण्णांनी तोही मोजून घेतला. "एकमतानं मंजूर," ते म्हणाले. "मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो."

यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी जेवताना स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "वर पाणी चढायला लागलं, म्हणजे वर टाक्या लागणार. प्लास्टिकच्या. त्या ठेवतं कोण गावात?" मी भाजी वाढत राहिले. आठवडा उलटायच्या आत आमच्या दुकानापुढे निळ्या टाक्यांची रांग लागली आणि शेजारी चार्जिंगच्या दिव्यांची खोकी. त्यांनी कपाटातला एक झब्बाही बाहेर काढला आणि माळगल्लीत गिऱ्हाइकांना भेटायला जाताना घालायला लागले.

वीज मंडळाची मान्यता यायला थोडे दिवस गेले. पहिल्या संध्याकाळी आत्याबाईंनी मला साडेसहालाच टेकाडावर चढवलं. म्हात्रेसाहेब आधीच आले होते. निम्मी माळगल्ली रस्त्यावर होती, लूम थांबली होती. मैनाबाई मात्र आपल्या जागेवर, खड्ड्यातच, हातात वाटी धरून.

"वर ये की गं आता," आत्याबाई काठावरून म्हणाल्या.

"आल्याबिगर कसं वर येऊ? आलंच न्हाई तर?"

बरोबर सातला खाली पेठ विझली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिवे गेले आणि माळगल्ली गप्प झाली. नळातून आधी हवा आली. फुस्स. मग घशात काही अडकावं तसा आवाज. कुणीतरी म्हणालं, "न्हाई येत." आणि तेवढ्यात तोटीतून पाणी असं सुटलं की मैनाबाईंच्या हातातली वाटी उडून म्हात्रेसाहेबांच्या पायांपाशी पडली. गल्लीभर एकच आरोळी उठली. या घरातून, त्या घरातून, प्रत्येक अंगणातून. म्हात्रेसाहेब वाटी उचलून तशीच धरून उभे राहिले. चष्म्यावर पाणी उडाल्यामुळे त्यांना काही दिसत नसावं.

खड्डा भरायला लागला. मैनाबाईंचा पाट तरंगला. "तोटी बंद करा गं कुनीतरी," त्या ओरडल्या, "पानी वाया चाललंय!" माळगल्लीत हे वाक्य उच्चारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते तिथल्या सगळ्यांच्याच ध्यानात आलं असावं, कारण कुणी तोटीकडे गेलंच नाही, सगळे हसतच सुटले.

"हात दे," आत्याबाई वाकून म्हणाल्या. मैनाबाईंनी हात दिला. काठाची माती भिजली होती. आत्याबाईंचा पाय सरकला आणि काठाच्या साडीसकट त्या आत, मैनाबाईंच्या शेजारी, गुडघाभर पाण्यात बसल्या. क्षणभर सगळे घाबरले. मी धावले. मग खड्ड्यातून हसू आलं, एकीचं, मग दोघींचं. दम लागेपर्यंत त्या हसत होत्या आणि पुन्हा एकमेकींकडे बघून सुरू करत होत्या.

मैनाबाईंच्या सुनेनं तोटी बंद केली. तिनं एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं हात पुढे केला. "या वर," मी म्हणाले, "सर्दी होईल."

दोघींनी वर बघितलं, पण वर यायची घाई एकीलाही नव्हती.